वहीत नसलेला खर्च

नाशिकहून निघालेला द्राक्षांचा कंटेनर न्हावा शेवाला अडकला, की निर्यातदाराचा जीव टांगणीला लागतो. बोट चुकली तर माल उशिरा पोचणार, तोवर युरोपातला भाव उतरलेला असू शकतो. अशा वेळी कुणीतरी ‘चहापाण्याचं बघा’ म्हणतं आणि पैसे दिले जातात. रक्कम बहुधा लहान असते. मला चिंता वाटते ती तिच्यामागून घरात काय शिरतं याची.

हा खर्च वहीत दाखवता येत नाही. बेकायदा कामावरचा खर्च आयकरातही वजा होत नाही. म्हणजे रोख हवी. रोखीसाठी थोडी विक्री बिलाविना करायची, मग कागदावर नफा कमी दिसतो. बँक कागदच पाहते आणि ऑर्डर हातात असूनही भांडवल तोकडं पडतं.

कौटुंबिक पेढीत त्याहून खोल परिणाम माणसांवर होतो. कुणाला किती दिले, कुणामार्फत दिले, हे थोरल्या भावाच्या डोक्यात असतं. पगारी मॅनेजरला ते सांगायची सोय नाही, म्हणून निर्यातीचं काम घरातल्याच माणसाकडे राहतं, त्याला ते झेपो न झेपो. पुढे वाटणीची वेळ येते. थोरला म्हणतो, ‘एवढे पैसे बंदरावर गेले.’ पुरावा कशाचा देणार? भाऊ भावाला चोर समजू लागतो. एकमेकांवरचा विश्वास हीच कौटुंबिक पेढीची खरी पुंजी, आणि लाच नेमकी तीच खाते.

परदेशी गिऱ्हाइकाचंही तसंच. ब्रिटनच्या 2010 च्या कायद्याने कंपनीसाठी काम करणाऱ्याने दिलेल्या लाचेचा जाब कंपनीला द्यावा लागू शकतो. म्हणून मोठे खरेदीदार पुरवठादाराकडून लेखी हमी मागतात. ती हमी खोटी असल्याचं घरातल्या एकालाच ठाऊक असतं आणि सही दुसराच करतो.

आपल्याकडे भ्रष्टाचारविरोधी कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीने लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरला. भागीदारी पेढी त्यातून सुटत नाही. पण ज्याला लाच द्यायला भाग पाडलं गेलं, त्याने सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तर तो गुन्हेगार ठरत नाही. निर्यातदार बंधूंनो, हे सात दिवस वापरा, आणि त्या आधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून त्यांना खरा आकडा सांगा.