वाट कशी आहे?

डिसेंबरातल्या पहाटे खिरेश्वरला पोचलं की पिंपळगाव जोगे धरणाच्या पाण्यावर धुकं बसलेलं असतं आणि गावातल्या चुलींचा धूर त्यातच मिसळून जातो. अशाच एका पहाटे गावातल्या एका ओसरीवर चहा घेताना मी त्या घरच्या मामांना विचारलं, "गडाची वाट कशी आहे हो सध्या?" हरिश्चंद्रगड मी तोवर पावसातच केलेला. चिखल, शेवाळ, ओढ्याचं पाणी, माझी सगळी भीती पावसाळी. मामा म्हणाले, "चांगलीये की. वर जायाला चांगलीये."

त्या 'वर जायाला'कडे माझं लक्षच गेलं नाही.

वर जायला वाट खरोखर छान होती. रात्रभर दव पडून धूळ दबलेली, मुरूम जागच्या जागी. गुडघ्यापर्यंत पँट भिजली, एवढंच. तोलार खिंडीतल्या व्याघ्रशिल्पापाशी दम खाल्ला. पुढे कातळावरच्या रेलिंगचं लोखंड इतकं गार, की बाही ओढून मगच धरावं. केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढं पाणी. उतरायची छाती कुणाचीच झाली नाही. मग कोकणकड्यावर ऊन खात पडलो आणि निघायला अडीच वाजले.

अडीच वाजता त्याच वाटेवर दवाचा थेंब नव्हता. पाऊस माती धुऊन नेतो आणि बारीक खडे मागे ठेवतो. दिवाळीनंतर जमीन सुकली की ते सुटे होतात. हाच घसारा. उतारावर बूट टेकवला की सांडलेल्या ज्वारीवर पाय पडल्यासारखं होतं. वाळून आडवं झालेलं गवतही तसंच गुळगुळीत. आधाराला कारवीची काठी धरली, तर ती मुळासकट हातात आली. कारवी सात वर्षांनी फुलते, बी धरते आणि मरते. थंडीत पानं झडल्यावर मेलेली कोणती आणि जिवंत कोणती, मला काय कळणार? काठीसकट चार हात खाली आलो. मागून डोक्यावर मोळी घेतलेल्या एक मावशी साध्या स्लिपरवर झपझप उतरत आल्या. "पाय आडवा टाका दादा," म्हणाल्या आणि वळणाआड गेल्यासुद्धा.

हिमालयातल्या केदारकंठ्याला म्हणे नेमकं उलटं. पहाटे बर्फ टणक आणि निसरडं, ऊन चढलं की पाय रुततो. म्हणजे तिथेही प्रश्न घड्याळ बघूनच विचारायचा.

डिसेंबर अखेरीस आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा. खिंडीखाली आलो तेव्हा अंधार पडला होता. बॅटऱ्या लावून, बराचसा बसत बसतच, गावात पोचलो.

जानेवारीत पुन्हा गेलो. तीच ओसरी, तोच चहा. विचारलं, "मामा, वाट कशी आहे?"

मामांनी कपातून मान वर केली. "उतरणार किती वाजता?"