दार लावणारे हात

पापाचा कर्ता कोण, हे सांगणे बहुधा सोपे असते. त्या पापाचे वाटेकरी कोण, हे सांगणे अवघड. स्त्रीवरील अत्याचारात ज्याने स्वतः तिला स्पर्श केला नाही, परंतु ज्याच्या साहाय्यावाचून तो अत्याचार घडला नसता, त्याला किती दोषी मानावे? न्यायालयांपुढे हा प्रश्न वारंवार येतो. ख्रिस्ती विवेकालाही तो टाळता येणार नाही.

२ शमुवेल, अध्याय १३ पाहा. तामारेवर बलात्कार केला अम्नोनाने. परंतु आजाराचे सोंग घेऊन तिला खोलीत कसे आणवावे, ही युक्ती सुचविली दावीदाचा पुतण्या योनादाब याने. तिला तेथे धाडले ते खुद्द राजाने, नकळत. अम्नोनाने फर्मावताच सारे जण खोलीबाहेर निघून गेले. कृत्य झाल्यावर तिला बाहेर घालवून दाराला अडसर लावला एका चाकराने. पुढे अबशालोमाने तिला गप्प राहावयास सांगितले; राजा संतापला, पण त्याने अम्नोनाला शासन केले नाही. दोन वर्षांनी अम्नोन मारला गेला, तेव्हा राजाला धीर द्यावयास योनादाबच पुढे होता! त्याला कोणी जाब विचारल्याची नोंद नाही.

१८६० च्या भारतीय दंड संहितेने अशा माणसाला ‘अपप्रेरक’ म्हटले. चिथावणी, कट आणि हेतुपुरस्सर साहाय्य हे अपप्रेरणेचे तीन मार्ग. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही ही व्याख्या कायम ठेवली आहे. साहाय्य गुन्ह्यापूर्वी किंवा गुन्हा घडत असताना झालेले असावे लागते, आणि त्यामागे हेतू असावा लागतो. या कसोटीवर योनादाबाची युक्ती तपासली जाईल. नकळत साधन बनलेला दावीद सुटेल. आणि मागाहून अडसर लावणाऱ्या चाकराला अपप्रेरक म्हणता येणार नाही.

असे बारकावे पाहण्यासाठीच अपील असते. मध्य प्रदेशातील एका खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका स्त्रीचे अपील आले. आरोप असा की, पतीने एका मुलीवर अत्याचार चालविला असता ही पत्नी तेथे आली. मुलीने वाचविण्याची विनवणी केली. पत्नीने तिलाच थप्पड मारली, दार लावले आणि ती निघून गेली. तिच्यावर सामूहिक बलात्काराचा आरोप ठेवण्यात आला होता. त्या कलमाखाली स्त्रीवर खटला चालू शकत नाही, असे ठरवून न्यायालयाने अपील मान्य केले. अपप्रेरणेचा प्रश्न मात्र संबंधित न्यायालयावर सोपविला.

हे वाचून मन अस्वस्थ होते, आणि ते व्हावयासच हवे. तरीही अपिलाचा हक्क हा दुष्टांचा आसरा आहे असे आपण म्हणू नये. खोट्या आरोपापासून दूर राहा, निर्दोषाचा घात करू नका, अशी ताकीद निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायातही आहे. केवळ नात्यामुळे वा तेथे हजर असल्यामुळे कोणी दोषी ठरू लागला, तर उद्या निरपराधही भरडला जाईल. मात्र न्यायालय इतकेच विचारते की, हा आरोप या कायद्याखाली, या पुराव्याने सिद्ध होतो काय? आरोपातून सुटका म्हणजे पापक्षमा नव्हे. ज्या हाताने दार लावले, त्याला देवापुढे वेगळा हिशेब द्यावा लागतो.

तो हिशेब आपल्या दारापर्यंतही येतो. आपल्या शाळा आहेत, वसतिगृहे आहेत, अनाथाश्रम आहेत. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या कायद्याप्रमाणे, असा गुन्हा ठाऊक असलेल्या प्रत्येकाने तो पोलिसांना कळविलाच पाहिजे. आपल्या हाताखालच्याचा गुन्हा न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘मंडळीची अब्रू जाईल’ ही सबब तेथे चालत नाही. प्रभूपुढे ती चालेल काय?

तामार राख माथ्यावर घालून मोठ्याने रडत गेली. राजवाड्यात तो आक्रोश ऐकणारे पुष्कळ होते. तिच्या बाजूने उघडपणे बोलणारा एकही नव्हता. आपल्या मंडळीतील एखादी मुलगी उद्या बोलू लागली, तर तिला गप्प बसविणाऱ्यांत आपण नसावे, एवढे तरी आजच ठरवू या.