पडद्यावरचे हक्क

दरसाल १० डिसेंबर हा मानवी हक्कांचा दिवस मानतात. संयुक्त राष्ट्रांनीं १९४८ सालीं त्या तारखेस हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्या दिवशीं दूरचित्रवाणीनें भाषणें, चर्चा, माहितीपट यांची मेजवानी मांडली म्हणजे घरबसल्या पाहणाऱ्याचें मन हेलावतें. आणि मन हेलावलें कीं कर्तव्य संपलें, असा गोड समज आपणां सुशिक्षितांचा सहज होतो. आम्ही स्वतःस त्यांतून वगळीत नाहीं.

परंतु शिरूर-दौंडकडे भीमेच्या दोन्ही कांठीं हेच दिवस ऊसतोडीचे. बीडसारख्या जिल्ह्यांतून आलेलीं कुटुंबें उचल घेऊन येतात, कोप्यांत राहतात आणि पहाटेपूर्वीं फडांत शिरतात. या धंद्यांत नवराबायकोच्या जोडीस ‘एक कोयता’ म्हणतात. माणसें दोन, मोजणी हत्याराची, आणि उचल बहुधा नवऱ्याच्या हातीं! जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यांत ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघेल असे इंग्रजी शब्द होते. तेथें ‘सर्व मानव’ हवें, असा आग्रह भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनीं धरला व तो मान्य झाला. कलमांत स्त्री आली. फडांत ती अद्याप अर्धा कोयताच आहे. चोविसावें कलम विश्रांतीचा व भरपगारी सुटीचा हक्क सांगतें. येथें खाडा झाला तर पुष्कळदां उलट दंडच कापला जातो.

मग असले कार्यक्रम व्यर्थ काय? तसें आम्हांस वाटत नाहीं. दिसल्यावांचून लाजही वाटत नाहीं. मात्र परदेशांतील जुलूम पाहून डोळे पुसणें सोपें, कारण त्याची साखर आपल्या चहांत नसते.