धुऱ्यावरची वाट

बँकेच्या काउंटरवरचं पेन सुतळीनं बांधलेलं असतं, यावर मराठीत जेवढे विनोद झाले तेवढे सासूवरही झाले नसतील. पण ज्यानं ही सुतळी पहिल्यांदा बांधली तो माणूस माझ्या मते तत्त्वज्ञ होता. "पेन आमचं, पण लिहा तुम्ही," एवढं मोठं तत्त्व तो हातभर सुतळीत सांगून गेला. त्या पेनानं कोणी काय लिहावं याची चौकशी आम्ही करत नाही. आमच्या शाखेत एक गृहस्थ नेमानं येतात, आमच्या पंख्याखाली घाम वाळवतात, आमच्या पेनानं समोरच्या बँकेची स्लिप भरतात आणि "येतो हं" म्हणून रस्ता ओलांडून तिकडे पैसे भरायला जातात. आमच्या शिपायाच्या हे फार जिव्हारी लागतं. "साहेब, शाई आपली आन् ठेव त्यायची!" असं तो म्हणतो. मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे हिशेब त्याच्या बाजूनं आहे हे मला कळतं. तरी त्या गृहस्थांच्या हातून पेन काढून घ्यावं असं मला कधी वाटलं नाही. का वाटलं नाही, हे मात्र फोन कंपन्यांचा वाद वाचेपर्यंत मला नीट सांगता आलं नसतं.

वाद असा. हल्लीच्या बऱ्याच फोनांत एक चिमुकली अँटेना असते. दुकानातल्या यंत्राच्या दोन-चार बोटं जवळ फोन नेला की पैसे गेले. ना कार्ड घासायचं, ना काही टिपायचं. (पैसे जाण्याच्या बाबतीत विज्ञानानं एवढी प्रगती केली आहे, येणारे पैसे अजून हेलपाटेच घालायला लावतात.) ॲपल कंपनीनं २०१४ साली आयफोनात ही सोय आणली आणि पैशांच्या कामापुरती अँटेनाची किल्ली स्वतःच्या कमरेला खोचली. तुमच्या बँकेचं कार्ड असेल तर ते ॲपलच्या पाकिटात ठेवा. बँकेनं स्वतःचं पाकीट काढायचं नाही, आणि वर प्रत्येक व्यवहारामागे कंपनीला हिस्सा द्यायचा. अँड्रॉइडवाल्यांनी हीच वाट २०१३ सालीच इतरांना मोकळी केली होती.

ऑस्ट्रेलियातल्या चार बँका २०१६ साली यावर उठल्या. आम्हाला एकजुटीनं ॲपलशी बोलणी करू द्या, वेळ पडली तर बहिष्कारही घालू द्या, असा अर्ज त्यांनी तिथल्या स्पर्धा आयोगाकडे केला. मार्च २०१७ मध्ये तो नामंजूर झाला. मी जन्मभर बँकेचं मीठ खाल्लं आहे, तरी मला त्या बँकांची दया आली नाही, हसू आलं. मक्तेदारीविरुद्ध बँकांनी गळा काढायचा म्हणजे मांजरानं उंदरांच्या वतीनं उपोषणाला बसण्यापैकी आहे. युरोपात मात्र गाडी पुढे सरकली. तिथल्या आयोगानं २०२० साली चौकशी सुरू केली आणि ११ जुलै २०२४ ला ॲपलनं दिलेली हमी कायद्यानं बंधनकारक केली: दहा वर्षं ही अँटेना इतरांच्या पाकिटांनाही वापरू द्यायची, आणि तीही फुकट.

आता प्रश्न आला न्यायाचा. स्वतः खपून, स्वतःचा पैसा ओतून केलेली वस्तू माणसानं प्रतिस्पर्ध्याला का वापरू द्यावी?

हा प्रश्न मी आमच्या एका खातेदार कास्तकाराला घातला. पीककर्जाच्या कागदांवर सह्या चालल्या होत्या, आणि त्या सह्या किती असतात हे ज्यानं कर्ज घेतलं आहे त्यालाच ठाऊक. बोलायला भरपूर वेळ होता. या कामाला त्याच्याइतका लायक पंच तिवसा तालुक्यात दुसरा नसेल, कारण कुऱ्हा रस्त्याला लागून त्याचं वावर आहे, त्याच्या मागे दुसऱ्याचं वावर आहे, आणि मागच्यानं वाट मागितल्यापासून दोघंही तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवत आहेत. त्यानं ॲपलचं नावही नीट ऐकून घेतलं नाही आणि कंपनीचं वकीलपत्र घेतलं.

"काऊन द्यावं साहेब? वावर माह्यं, विहीर म्या खंदली. उद्या त्याचे माणसं माह्या वावरातून जातीन अन् वेचणीच्या दिवसात कापूस कमी भरला तं कोणाले धरू? अन् त्याले रस्ता पायजे होता तं रस्त्याचं वावर इकत घ्याव. मागचं कायले घेतलं?"

मी थक्क झालो. कंपनीच्या महागड्या वकिलांनी याहून वेगळं काय मांडलं असणार? मेहनत आमची, दार उघडलं तर चोरीचं भय, म्हणजे गिऱ्हाइकाची सुरक्षितता, आणि नसेल पटत तर दुसऱ्या कंपनीचा फोन घ्या. तिन्ही मुद्दे बावनकशी. चोरीचा मुद्दा तर मी मुळीच हसण्यावारी नेणार नाही. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या आणि त्या दोन माणसांकडे, ही रीत ज्यानं रोज पाळली आहे तो कुलपाची चेष्टा करत नाही.

पण वावराच्या बाबतीत आपल्या कायद्यानं यावर कधीच विचार करून ठेवला आहे. १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे, आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे. या कलमाखाली तहसीलदार वाट देतो ती हद्दीवरून, म्हणजे आमच्या वऱ्हाडी भाषेत धुऱ्यावरून. उभ्या तुरीतून नाही. आधीची वाट आहे का, मागच्याला खरोखर गरज किती, हे बघून देतो. विहिरीचं पाणी, गोठा, कडब्याची गंजी यांवर मागच्याचा काडीचा हक्क नाही. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. मालकी अबाधित, आणि मागच्याचं पीकही घरी येतं.

गंमत म्हणजे युरोपातही हेच झालं. फोनात अँटेनाशिवाय एक वेगळी तिजोरी असते. कार्डाची गुपितं ठेवायची चिप. युरोपात इतरांना जी फुकट वाट मिळाली ती अँटेनापर्यंतची. ॲपलची तिजोरी त्यात नाही, आपापली गुपितं ज्यानं त्यानं सांभाळायची. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया वगैरे देशांत ॲपलनं आपणहून वाट देऊ केली. तिथे तिजोरीही वापरता येते, पण करार करून आणि फी भरून. थोडक्यात, धुऱ्यावरून फुकट, विहिरीपाशी जायचं तर पावती फाडा. फी घेण्यात मला गैर वाटत नाही. दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून तुम्ही पैसे काढता तेव्हा तुमची बँक त्या बँकेला मोबदला देतच असते. यंत्र कोणी फुकट राखत नाही.

हे सगळं सांगितल्यावर आमचा कास्तकार थोडा नरमला असेल असं मला वाटलं. तो नरमला नव्हता, विचारात पडला होता. शेवटच्या सहीवर थांबून म्हणाला, "पण साहेब, म्या माह्यं वावर कोणाले इकलं नाही. त्या कंपनीनं तं फोन इकला ना? पैसे मोजून घेतले ना? मंग फोनचा सातबारा कोणाच्या नावानं हाय?"

आणि इथे मला माझ्या सुतळीचं उत्तर मिळालं. आमचं पेन आम्ही विकलेलं नाही, म्हणून सुतळी शोभते. फोन विकून, त्याचे भले दणदणीत पैसे घेऊन, त्यानंतरही आतल्या अँटेनाला सुतळी बांधून ठेवणं हा प्रकार निराळा आहे. बिल्डरनं फ्लॅट विकावा आणि दूधवाला मात्र मी ठरवीन तोच येईल म्हणावं, तसं. म्हणून 'कंपनीनं प्रतिस्पर्ध्याला वाट द्यावी का' हा प्रश्नच मला वाकडा लावलेला वाटतो. प्रतिस्पर्ध्याचा त्या अँटेनावर कसलाच हक्क नाही. हक्क आहे तो ज्यानं फोन घेतला त्याचा. त्यानं कोणाला आत घ्यावं हे त्यानं ठरवावं.

आपल्याकडे हा तंटा पेटला नाही, कारण आपण अँटेनाच्या वाटेला फारसे गेलोच नाही. आपण कॅमेऱ्यानं चौकोन टिपतो, आणि कॅमेऱ्याला पैशांपुरतं कुलूप लावायचं कोणाला सुचलं नाही. पण चौकोनांचीही भांडणं होतीच. काही कंपन्यांचा चौकोन फक्त त्यांच्याच ॲपला ओळख देई, आणि पानठेल्यावर तांब्याच्या लोट्याशेजारी चार-चार चौकोन देवांच्या तसबिरींसारखे ओळीनं लागलेले असत. कोणाला कोणता पावेल ते सांगता येत नसे. मग आयआयटी मुंबईचे प्राध्यापक दीपक फाटक यांच्या अध्यक्षतेखाली रिझर्व्ह बँकेनं समिती नेमली आणि ऑक्टोबर २०२० मध्ये हुकूम काढला: नवा खाजगी चौकोन काढायचा नाही, आणि जुने असतील ते ३१ मार्च २०२२ पर्यंत सर्वांना चालतील असे करायचे. आज एक चौकोन पुरतो. ठेल्यावर अजूनही तीन असतात, कारण पाट्या फुकट मिळतात.

वाट मोकळी झाली की सगळ्यांच्या बंड्या सारख्याच धावतात, असं मात्र समजू नये. यूपीआयची पांदण देशातल्या यच्चयावत बँकांना खुली आहे, आणि तिच्यावरची पाचातली चारहून अधिक वाहतूक दोन कंपन्यांची आहे. एकाकडे तीस टक्क्यांहून जास्त वाहतूक नको असं २०२० साली ठरलं, आणि त्याची मुदत दोनदा वाढवून २०२६ च्या अखेरीला नेली. आमच्या बँकेचंही ॲप त्याच पांदणीवर आहे. ते खातेदारांच्या फोनात बसवायचं उद्दिष्ट आम्हाला दरमहा मिळतं. खातेदार बिचारे आमच्या समाधानासाठी बसवून घेतात आणि बाहेर जाऊन चहाचे पैसे दुसऱ्याच ॲपनं देतात. वाईट वाटतं; पण त्यांचा फोन, त्यांचा चहा.

राहिला प्रश्न वाट किती रुंद असावी याचा, आणि तो सोपा नाही. युरोपातली हमी दुकानात पैसे देण्यापुरती. त्याच अँटेनानं मोटारीचं दार उघडतं, कचेरीचं ओळखपत्र चालतं, घराचं कुलूप निघतं. पैशांपुरती दिलेली वाट उद्या यांनाही पुरवायची का? आमच्या कास्तकारानं परवा कचेरीत कबूल केलं की धुऱ्यावरून देतो, पण बंडीपुरतीच. मागचा म्हणतो, बंडी आता आहे कोणाकडे, मला ट्रॅक्टर न्यायचा आहे; आणि शासनानं २०२५ साली शेतरस्ते तीन ते चार मीटरचे हवेत असं ठरवलं आहे, तो कागद त्यानं खिशातून काढून दाखवला. यानं विचारलं, एवढी रुंदी धुऱ्यातून निघत नाही, मग उरलेली कोणाच्या वावरातून काढायची? तहसीलदारसाहेबांनी दोघांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि मोजणीचा आदेश देऊन पुढची तारीख दिली.