खिळीजवळचा दाणा

कीर्तनात कबीराच्या जात्याची गोष्ट निघाली की श्रोते आधीपासूनच माना डोलवू लागतात. चालतं जातं पाहून कबीराच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन दगडांच्या मधे सापडलेला एकही दाणा शाबूत राहत नाही, हे त्याला सहन होईना. मग त्याची समजूत घालणारा कुणी भेटला. काही कीर्तनकार हे उत्तर कबीरपुत्र कमालच्या तोंडी घालतात, काही एखाद्या साधूच्या. उत्तर असं की सगळे दाणे भरडले जातात, पण मधल्या खिळीला बिलगलेला दाणा वाचतो. जातं म्हणजे संसार, खीळ म्हणजे परमेश्वर. बुवा क्षणभर थांबतात, टाळकरी सरसावतात, आणि गोष्ट तिथेच संपते.

धाराशिव जिल्ह्याच्या गावांत ही गोष्ट ऐकायला बसलेल्यांत तरुणपणी जात्यावर दळलेल्या आज्या अजून आहेत. बुवांनी त्यांच्यापैकी एखादीचं मत विचारलं, तर दृष्टान्ताची पंचाईत व्हायची.

कारण जात्याची रचना तिला हातानं ठाऊक असते. खालच्या तळीच्या मध्यभागी लाकडाची किंवा लोखंडाची खीळ पक्की बसवलेली असते. वरच्या तळीच्या तोंडात एक आडवी पट्टी असते. तिच्या भोकात ही खीळ जाते आणि वरचा दगड तिच्यावर तोलून फिरतो. तोंडाजवळ दोन दगडांतली फट जास्त, कडेला कमी. वैरण घातली की दाणा आधी या मोकळ्या जागेत उतरतो. तिथे तो फुटत नाही, फार तर दुभंगतो. मागून नवी वैरण येते, दगड फिरत राहतो, आणि दाणा हळूहळू कडेकडे ढकलला जातो. पीठ तिथे होतं. शेवटची मूठ संपली की मागून ढकलणारं कुणी उरत नाही, म्हणून चार दाणे खिळीपाशी अडकून राहतात. त्यांचं वाचणं एवढंच. दळण आटोपल्यावर बाई वरची तळी उचलते, फडक्यानं पीठ झाडून घेते आणि ते चार दाणे सुपात टाकते. ते पुढच्या दळणात जातात.

खिळीचं खरं काम वेगळंच आहे. तुरीची किंवा हरभऱ्याची डाळ भरडायची असली की खिळीभोवती चिंधीचं वेटोळं घालतात. वरची तळी किंचित उचलली जाते आणि दाण्याचं पीठ न होता दोन दळं होतात. भाकरीसाठी ज्वारी दळायची असली की चिंधी काढून टाकायची, दगड खाली बसतो. खीळ झिजली, तर दगड दगडावर घासतो आणि पिठात कच येते. खीळ हलू लागली, तर वरची तळी एका अंगाला झुकते. एकीकडे मैदा, दुसरीकडे कण्या. म्हणजे किती भरडायचं आणि किती बारीक दळायचं, हे ठरतं खिळीवर. आता दृष्टान्त शेवटपर्यंत न्यायचा ठरवला, तर मामला गंभीर होतो. खीळ जर परमेश्वर असेल, तर सगळ्या दाण्यांवर दगड किती उतरायचा हे ठरवणाराही तोच. त्याला बिलगून बसणं हा बचाव कसा?

खिळीचं हे काम दुसरीकडे माणूसच करतो. घरी बिअर करणारे हौशी लोक दोन रुळांची छोटी गिरणी वापरतात. बार्लीचं माल्ट फुटावं पण टरफल शाबूत राहावं, कारण त्या टरफलांच्या थरातूनच पुढे रस गाळायचा असतो. म्हणून दोन रुळांतलं अंतर साधारण १ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. तिथे खीळ नाही, अंतर ठरवणारा स्क्रू माणसाच्या हातात. त्या गिरणीवरून कुणी ईश्वराचा दृष्टान्त रचल्याचं ऐकिवात नाही.

जात्यातल्या दगडाचीही सुटका नसते. दख्खनचा काळा बेसाल्ट कठीण खरा, पण दळून दळून तोही गुळगुळीत होतो. मग तो दाणा फोडत नाही, नुसता चोळतो. पीठ गरम येतं, जातं ओढायला जड लागतं. अशा वेळी टाकी लावावी लागते. छिन्नी-हातोडीनं दोन्ही तळ्यांच्या अंगावर बारीक टिचे पाडायचे. टाकी लावल्यानंतरचं पहिलं दळण माणसाच्या पोटात जाऊ देत नाहीत. कोंडा किंवा मूठभर हलकं धान्य दळून कच आधी काढून टाकतात. विजेच्या गिरणीच्या दगडालाही हेच करावं लागतं.

गावोगाव फिरून टाकी लावणारे लोक म्हणजे टकारी, पाथरूट, गिरणी वडार. ज्यांच्यावाचून घरातली भाकर अडायची, अशा फिरत्या जमातींवर इंग्रजी राजवटीत गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा शिक्का बसला. १८७१ चा तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत ही नावं आजही वाचायला मिळतात. शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा हे भरडलं जाणं मध्यमवर्गीय घरांत पोचलं. हा दगड कुठल्या देवानं फिरवला नव्हता. कायदा करणारे आणि पोलीसपाटलाकडे हजेरी घेणारे हात माणसांचेच होते. भरडणाऱ्या प्रत्येक गोष्टीला प्रारब्ध म्हणण्याची घाई झाली की हे हात नजरेआड होतात, आणि दृष्टान्ताचा हा दोष बारीकसारीक नाही.

तरीही प्रश्न उरतोच: भक्ताचं काय? धाराशिव तालुक्यात तेरणेकाठी तेर आहे. ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक ग्रंथात तगर म्हणून उल्लेख असलेलं प्राचीन व्यापारी शहर ते हेच. इथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळच्या वस्तू आहेत, पण वारकऱ्याला हे गाव माहीत असतं ते गोरा कुंभारांमुळे. त्यांची कथा सगळ्यांना पाठ आहे. नामस्मरणात रंगून माती तुडवत असताना स्वतःचं रांगतं मूल पायाखाली आलं आणि त्यांना कळलंही नाही. पुढे पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात मूल परत मिळाल्याचं कथा सांगते, आणि ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. पण शेवटाआधीचा मधला भाग सोडून देता येत नाही. इथे भक्त खिळीला बिलगलेलाच होता. मूल गेलं ते त्याच तल्लीनतेत. एवढी भयंकर गोष्ट परंपरेनं लपवली नाही, उलट शतकानुशतकं कीर्तनातून सांगितली. ‘नाम घेणाऱ्याचं काही वाकडं होत नाही’ असं सांगणाऱ्यांपेक्षा ही परंपरा जास्त प्रामाणिक आहे.

मग आली ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याची सीमा भूकंपानं हादरली. किल्लारीचं नाव जगभर गेलं; धाराशिवच्या बाजूला सास्तूर आणि आसपासची गावं जमीनदोस्त झाली. मृतांचे आकडे सुमारे ८ हजारांपासून १० हजारांपर्यंत सांगितले जातात. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. देवाच्या इतकं जवळ असण्याची रात्र वर्षातून एखादीच येते.

त्या रात्री कोण वाचलं? पापपुण्याचा हिशेब तिथे लागू पडत नाही, बांधकामाचा पडतो. दगडमातीच्या जाड भिंती, बाहेरून घडीव दगड, आतून ओबडधोबड, मधे मुरूम-माती. दोन्ही थरांना आरपार जोडणारे दगड क्वचितच. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी त्यावर मातीचा नवा थर द्यायचा, जुना मात्र उतरवायचा नाही. वर्षानुवर्षं घराची काळजी घेणारा माणूस अशा रीतीनं स्वतःच्या डोक्यावरचं ओझं वाढवत होता. भिंती आतबाहेर फुगून कोसळल्या आणि माती खाली आली. चिरेबंदी वाड्यातले गेले, पालात आणि पत्र्याच्या छपराखाली झोपलेले पुष्कळदा बचावले. शास्त्रज्ञांच्या नकाशावर हा पट्टा तेव्हा झोन १ मध्ये, म्हणजे देशातल्या सर्वांत कमी धोक्याच्या भागात होता. कागदावर हे लोकही खिळीजवळच होते.

अशा वेळी देवाच्या कोपाची भाषा हमखास निघते, आणि ती बोलणारे नेहमी लहान माणसंच असतात असंही नाही. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा गांधीजी म्हणाले की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्यात गांधीजींच्या बरोबर असलेल्या रवींद्रनाथ टागोरांनी याला जाहीर हरकत घेतली. निसर्गाच्या घटनेला नीतीशी असं जोडणं त्यांना मान्य नव्हतं. गांधीजींनी ती हरकत ‘हरिजन’मध्ये छापली आणि आपलं म्हणणं सोडलं नाही. त्याआधी १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना भूकंपानं लिस्बन कोसळलं होतं आणि व्होल्तेअरनं ‘जे होतं ते भल्यासाठीच’ या तत्त्वज्ञानाची खिल्ली उडवली होती. बिहारच्या वादात टागोरांची बाजू बरोबर होती, यात शंका नको. शिक्षेचा तर्क मान्य केला तर अस्पृश्यता पाळणाऱ्यांबरोबर ती सोसणारेही ढिगाऱ्याखाली का गेले, याला उत्तर उरत नाही. सास्तूरच्या मातीखाली गेलेल्या लेकरांबद्दल तर असा तर्क मनात आणणंही निर्दय आहे.

भक्तानं मग जात्यात शोधायचं काय? मराठीत याचं एक जुनं उत्तर आहे आणि ते खिळीच्या दृष्टान्ताहून सरस आहे. गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी राबणारी. तिच्या कथेत विठ्ठल तिला दळणापासून सोडवत नाही. तो येऊन तिच्यासमोर बसतो आणि खुंट्याला हात लावतो. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात जनाबाईचं जातं म्हणून अजून दाखवलं जातं, लोक त्याचा खुंटा धरून फिरवून पाहतात. इथे देव दाण्याच्या बाजूला नाही, की खिळीतही नाही. तो दळणाऱ्याच्या समोर आहे. पीठ व्हायचं ते होणारच, पण जातं एकटीला ओढावं लागत नाही. जिनं कधी पहाटे एकटीनं पायलीभर ज्वारी दळली असेल, तिला यातला फरक सांगावा लागत नाही.

ओव्या म्हणणाऱ्या बाया आणखी पुढे गेल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी पुण्याहून काम उभं करून गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. या ओव्यांत जात्यालाच ईश्वर म्हणून हाक मारण्याची रीत वारंवार भेटते. सासर, माहेर, नवरा, भाऊ, पंढरी, सगळं त्याच्यापाशी बोलायचं. जे भरडतं त्यालाच देव म्हणायचं आणि त्याच्यापाशीच मन मोकळं करायचं, ही श्रद्धा भाबडी नव्हे. तिला सुटकेचं आश्वासन नको असतं. लग्नघरी आजही जात्याला आंब्याची पानं बांधून, हळदकुंकू वाहून सुवासिनी हळद दळतात, तेव्हा पूजा होते ती झिजणाऱ्या, टाकी खाल्लेल्या दगडाची.

भूकंपानंतर माणसं एकमेकांसमोर येऊन बसली, तेही जनाबाईच्या रीतीनंच. लष्कर आलं, राज्यभरातून स्वयंसेवक आले, ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, आणि बाकीच्या कित्येक गावांत जुन्या घरांच्या मजबुतीकरणाचं काम झालं. ते काम फार गाजावाजा होण्यासारखं नव्हतं: माळवदावरची जादा माती उतरवणं, भिंतीत आरपार दगड किंवा सळईसह काँक्रीट भरणं, दारा-खिडक्यांवरून सलग पट्टा फिरवणं. नव्या भूकंपनकाशात २००२ मध्ये झोन १ काढूनच टाकण्यात आला. पूर्ण सुरक्षित म्हणावा असा प्रदेश देशाच्या नकाशावर आता नाही.

धाराशिवच्या परंडा, भूम, कळंब, उमरगा अशा तालुक्यांत ज्यांच्या डोक्यावर अजून माळवद आहे, त्यांनी यंदा नवा थर टाकण्याआधी जुना उतरवून घ्यावा, आणि भिंतीत आरपार दगड आहेत की नाहीत ते जाणत्या गवंड्याला दाखवावं.