आजारी माणसानं आधी चांगलं असायला हवं का?

व्हॉट्सअॅपवर मदतीचे मेसेज आपल्या सगळ्यांनाच येतात. बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन, कुणाच्या आईचा कॅन्सर, खाली क्यूआर कोड. गोड बाळाचा फोटो दिसला की आपलं बोट थांबतं. दारूनं यकृत गेलेल्या पन्नाशीच्या माणसाचा मेसेज आला की ते पुढे सरकतं. दयेला चेहरा लागतो. म्हणून ती वाईट ठरत नाही, पण तिच्यावर कुणाचा जीव अवलंबून असावा का?

आरोग्याचा खर्च सरकारनं उचलावा का, हा वाद बहुतेक वेळा पैशांवर येऊन थांबतो. मला त्यात दुसराच प्रश्न दिसतो: उपचार कुणाला मिळावेत, हे कशावरून ठरायचं?

विमा कंपनी वय विचारते, वजन विचारते, शुगर विचारते. आधीपासून असलेल्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. त्यात दुष्टपणा नाही. सगळ्यांनी आजारी पडल्यावरच पॉलिसी घेतली तर कंपनी बुडेल. पण याचा अर्थ असा, की ज्याला विम्याची सगळ्यात जास्त गरज, तोच तिला सगळ्यात नकोसा.

सरकारला अशी निवड करता येत नाही, करूही नये. महाराष्ट्रात 2012 साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. पुढे तिलाच महात्मा जोतिराव फुले यांचं नाव दिलं गेलं. 2018 मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. या योजना कागदपत्रं मागतात, पण पेशंट किती सद्गुणी आहे हे विचारत नाहीत.

यावर माझे मित्र म्हणतात, ‘मी रोज पळतो, सिगारेट ओढत नाही. दुसऱ्याच्या फुफ्फुसांचं बिल माझ्या करातून का?’ प्रश्न रास्त आहे. पण खोकला बिडीचा, चुलीच्या धुराचा की गिरणीतल्या कापसाच्या धुळीचा, हे कोण ठरवणार? प्रत्येक खाटेपाशी एक कोर्ट बसवावं लागेल. शिवाय कर फक्त पगारदार भरत नाही. बिडी ओढणारा हमालही साबणावर, मोबाइलच्या रिचार्जवर जीएसटी भरतोच. त्या पैशातून तुमच्या-माझ्या शहरातले उड्डाणपूल बांधले जातात, तेव्हा तो हिशेब मागायला येत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो: कार्ड म्हणजे उपचार नव्हे. 1992 मध्ये पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याला जबर मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठवलं; कुठे खाट नव्हती, कुठे सोय नव्हती. शेवटी खासगी रुग्णालयात पैसे भरून इलाज झाला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं यात जगण्याच्या हक्काचा भंग झाल्याचं म्हटलं. त्याला 25 हजारांची भरपाई दिली आणि पैसा नाही ही सरकारची सबब चालणार नाही, असं बजावलं.

आजच्या योजनांमध्येही मोठी फट आहे. त्या मुख्यतः अॅडमिट झाल्यावर कामाला येतात. बीपीची रोजची गोळी बहुतेकांना स्वतःच्या खिशातून घ्यावी लागते. हात आखडला की आधी तीच बंद होते. मग एके दिवशी अर्धांगवायूचा झटका येतो, आणि तेव्हा कार्ड चालतं! स्वस्तात टळणाऱ्या दुखण्याची आपण महागडं होईपर्यंत वाट पाहतो.

सरकार हे काम उत्तम करतं, असा माझा दावा नाही. कित्येकदा ते वाईटच करतं. पण दयेला नाही म्हणता येतं, कंपनीलाही नाही म्हणता येतं. सरकारनं नाही म्हटलं तर एक शेतमजूरही त्याला कोर्टात उभं करू शकतो. मला सरकार हवं आहे ते एवढ्यासाठी. म्हणून मागणी मोठ्या आकड्याच्या कार्डावर थांबवू नये. गावच्या आरोग्य केंद्रात या महिन्यात बीपीच्या गोळ्या आहेत का, हे विचारावं. नसतील तर लेखी उत्तर मागावं.