घाटावरच्या धंद्याचं आत-बाहेर

धंदा का चालला किंवा का बसला हे सांगताना आपण कारणांची वाटणी करतो. हाताची चव, स्वच्छता, कामाची माणसं, भांडवल ही आतली कारणं. गर्दी, पाऊस, महागाई, सरकार ही बाहेरची. आतलं आपल्या हाती आणि बाहेरचं नशिबाच्या, असं समजून आपण मोकळे होतो. उज्जैनच्या राम घाटालगतचा पोहे, कचोरी, साबुदाणा खिचडीचा धंदा पाहिला, की ही वाटणी फार वेळ टिकत नाही.

गर्दीचंच घ्या. ती दुकानदार आणत नाही. क्षिप्रा आणते, महाकाल आणतो. पण ती बेभरवशाची नाही. सोमवती अमावास्या, श्रावणी सोमवारी घाटावर येणारी महाकालाची सवारी, बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ, हे सगळं पंचांगात असतं. उत्तरेकडचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. म्हणजे तिथले आणि महाराष्ट्रातून आलेले यात्रेकरू धरले, तर श्रावणातल्या उपवासाचं गिऱ्हाईक दीड महिना पुरतं. हे जाणणारा साबुदाणा आधीच भरून ठेवतो, रात्री किती भिजवायचा ते ठरवतो, मदतीला माणूस बोलावतो. न जाणणाऱ्याचं पातेलं सकाळीच रिकामं होतं आणि गिऱ्हाईक पुढे जातं. गर्दी दोघांसमोर तीच असते. पहिल्याने तिला आपल्या हिशेबात घेतलेलं असतं, एवढंच.

नदीचंही तसंच. पावसाळ्यात क्षिप्रा चढली की घाटावरची देवळं पाण्यात जातात. पूर कोणाला थांबवता येत नाही, पण ठेल्याला चाकं ठेवायची की पक्का ओटा बांधायचा, हे दुकानदारच ठरवतो.

तेलाच्या भावाला मात्र पंचांग नाही. आपल्याला लागणारं निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात होतं. 2022 च्या एप्रिलअखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद ठेवली होती. असल्या निर्णयाची झळ कचोरीच्या कढईपर्यंत येते. अशा वेळी भाव वाढवायचा, कचोरी लहान करायची, की तेच तेल पुन्हा पुन्हा तापवायचं? शेवटची वाट सोपी वाटते, पण पुन्हा पुन्हा तापवल्याने तळणीच्या तेलात वाढणारे पोलर घटक 25 टक्क्यांवर गेले की ते वापरायचं नाही, असा 2018 पासून नियम आहे. माळव्यात पोहे उकळत्या पाण्याच्या वाफेवर गरम ठेवतात. ज्याचा भर पोह्यांवर, त्याला तेलाची झळ मुळातच कमी. काय विकायचं हे ठरवतानाच त्याने बाहेरच्या धक्क्याचा काही भाग चुकवलेला असतो.

उलटंही घडतं. एकाच्या जुन्या तेलाने यात्रेकरूचं पोट बिघडलं, तर त्याला दुकान आठवत नाही. तो गावी जाऊन सांगतो, "घाटावर काही खाऊ नका." एकाच्या कढईतला दोष शेजाऱ्यासाठी बाहेरचं संकट होतो. त्यात ऑक्टोबर 2022 मध्ये महाकाल मंदिरालगतचं ‘महाकाल लोक’ हे संकुल खुलं झालं, गर्दी वाढली, आणि जानेवारी 2024 मध्ये तिथेच नीलकंठ वनात ‘प्रसादम’ ही स्वच्छ खाद्यपदार्थांची 19 दुकानांची गल्ली सुरू झाली. ते पाहून आलेला यात्रेकरू घाटावरच्या ठेल्याचंही पाणी, हात आणि ताटल्या निरखणारच.

म्हणून कोणतं कारण मोठं, यावर वाद घालण्यापेक्षा दुकानदाराने एवढंच विचारावं: बाहेरचं जे मला आधीच ठाऊक आहे, त्यातलं माझ्या तयारीत किती उतरलं? 2028 चा सिंहस्थ आज सर्वांना माहीत आहे. तेव्हाचा तेलाचा भाव कोणालाच नाही. पहिल्याची तयारी जितकी पुरी, तितकं दुसऱ्याचा फटका सोसायला गाठीला उरेल.